सभापतीला मत नसतं

तक्रारींच्या डब्यात त्या शनिवारी तीनच चिठ्ठ्या निघाल्या. पहिली पाचवीतल्या कुणाची तरी होती. मुलींच्या मुतारीला कडी नाही, अशी तिची तक्रार होती. दुसरीत मागणी होती की, वर्गात चिंचा खाऊन चिंचोके कोपऱ्यात फेकणारा कोण हे सभेनं शोधून काढावं. तिसरी चिठ्ठी चारपदरी घडी घातलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'गुरुवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत मुकुंददादांनी माझ्या तोंडात मारली. नागमणी गड्डम, नववी.'

मी ती वाचली. उठून खोलीचं दार लोटलं आणि पुन्हा वाचली.

मी तेव्हा नववीत होते आणि सावळवेढे नगरपालिका हायस्कूलच्या शनिवारच्या सभेची सभापती होते. सभापती म्हणजे काय चीज होती हे आज सांगून कुणाला पटायचं नाही. सभेत पाचवीच्या पोरापासून मुख्याध्यापकांपर्यंत, हणमंतमामा शिपायासकट, प्रत्येकाला एक मत होतं. तक्रार कुणाविरुद्धही करता यायची, फक्त चिठ्ठीवर सही हवी. आणि सभा चालू असताना सभापतीनं 'खाली बसा' म्हटलं की मुख्याध्यापकही खाली बसायचे. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं? माझ्या तर इतकी गेली होती की घरी जेवतानासुद्धा मी भावंडांना एकेकानं बोला म्हणून दटावायची.

शाळा अशी नव्हती आधी. चार वर्षांपूर्वी मुकुंद देवस्थळी मुख्याध्यापक म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या मास्तरांच्या खणांतल्या छड्या गोळा करून मागच्या वाफ्यात घेवड्याच्या वेलांना आधार म्हणून रोवल्या. 'सर' म्हणणं बंद झालं, दादा आणि ताई सुरू झालं. बाक भिंतीकडे सरकले आणि आम्ही सतरंजीवर गोल करून बसायला लागलो. पहिला नंबर, दुसरा नंबर हा प्रकारच गेला. आमचे नियम आम्हीच केले, आणि वहीतला पहिला नियम होता, 'या शाळेत कुणी कुणाला मारणार नाही.' गावात अर्थातच कुजबुज होती. नगरपालिकेतले निम्मे सभासद म्हणायचे की या माणसानं पोरं डोक्यावर चढवून ठेवलीत, एकदा याची बदली झाली की सुंठीवाचून खोकला जाईल. माझे वडील जकात नाक्यावर कारकून होते. हे सगळं त्यांच्या कानावर यायचं आणि त्यांच्याकडून माझ्या.

म्हणून तो शनिवार महत्त्वाचा होता. पुण्याहून शिक्षण खात्याचे तीन पाहुणे शाळा बघायला येणार होते. त्यांच्या मनात भरली तर प्रायोगिक शाळा म्हणून मान्यता मिळणार होती, आणि मग नगरपालिकेला दादांना हात लावता येणार नव्हता. नाही भरली, तर जूनमध्ये दादा गेलेच.

दार ढकलून दादा आत आले. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, आणि डोळे रात्रभर जागल्यासारखे. त्यांनी हात पुढे केला.

"तिची चिठ्ठी आहे ना? बघू."

मी दिली. ती वाचून ते खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसले. आमच्यात वावरताना ते नेहमी असेच बसायचे.

"खरं आहे," ते म्हणाले. "मारलं मी तिला."

चिठ्ठी पुन्हा घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली.

"चार महिन्यांचं काम होतं, उज्ज्वला. माझ्यादेखत तिनं तक्ता टराटरा फाडला. माझा हात कधी उठला ते मलाच कळलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा."

तक्त्याचं मला ठाऊक होतं, कारण तो मीच केला होता. नववीनं त्या वर्षी गावातल्या विडी कामगारांचा अभ्यास घेतला होता. पुस्तकातून नाही, घरोघर जाऊन शिकायचं. नागमणीची आई विड्या वळायची, आणि नागमणी माझी मैत्रीण. मी तिच्या घरी गेले, तिच्या आईच्या हातचा चहा प्यायले, गप्पा मारल्या आणि परत येऊन सगळं मोठ्या कागदावर उतरवलं. 'विडी कामगार स्त्रीचा एक दिवस. नाव नरसम्मा गड्डम. वय अडतीस. शिक्षण नाही. खोकला तीन वर्षांपासून. माणसं सहा, खोली एक. पती दारू पितो.' शेवटची ओळ तर मी लाल शाईनं लिहिली होती. ती मला नागमणीनं सांगितली होती, मोरीशी भांडी घासता घासता, हळू आवाजात. तक्त्यावर घालू का, हे तिला विचारावं असं मला सुचलंही नाही, दादांनाही नाही. उलट दादांनी वर्गात माझी पाठ थोपटली होती की, याला म्हणतात जिवंत शिक्षण. तक्ता पाहुण्यांसाठी दर्शनी भिंतीवर लागायचा होता.

मला तिचा राग आला होता, हे कबूल करते. माझा तक्ता फाडला म्हणून.

"मग आता?" मी विचारलं.

"तू विषय घे. मी सभेत उठून कबूल करणार. पाहुणे असले तरी. खरं तर पाहुणे आहेत म्हणूनच. आपण चार वर्षं जे बोलतो ते खरं की तोंडदेखलं, हे आज ठरू दे." त्यांचा आवाज भरून आला होता. "फक्त तोवर तू कुणाला बोलू नकोस. माझ्या तोंडून येऊ दे."

मी मान हलवली. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. असा माणूस दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल, असं वाटून ऊर भरून आला होता.

नियमाप्रमाणे सभेआधी तक्रारदाराला एकदा विचारावं लागायचं. मी नागमणीला व्हरांड्यात गाठलं. ती भिंतीला टेकून उभी होती. डाव्या गालावर काही दिसतंय का, हे मी चोरून पाहिलं. काही दिसत नव्हतं. दोन दिवस झाले होते.

"चिठ्ठी मागं घ्यायची आहे का? की पुढच्या शनिवारी घेऊ?" मी विचारलं. सभापतीच्या आवाजात.

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आजच घे."

अकरा वाजता पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली. दोनशे पोरं गोल करून बसलेली, मधे मी आणि माझी वही. पाहुण्यांना खुर्च्या दिल्या होत्या. त्यांच्यातल्या एक बाई, करड्या केसांच्या, खुर्ची सोडून खाली मुलींत येऊन बसल्या. दादा नेहमीच्या जागी, सातवीच्या पोरांत मांडी घालून बसले होते. कडीचा विषय पाच मिनिटांत झाला. चिंचोकेवाला सापडला नाही. मग मी तिसरी चिठ्ठी वाचली.

पाहुण्यांतल्या एकानं चष्मा काढून पुन्हा घातला.

"नागमणी, तुला सांगायचंय?"

ती उभी राहिली. "लिहिलंय तेच हाय. मी तक्ता फाडला, दादांनी मारलं."

अजित रणदिवेनं बोट वर केलं. अजित दहावीतला, बोलण्यात पटाईत, आणि दादांचा भक्त. त्याला तसं कारण होतं. पाचवीत असताना आधीच्या मास्तरांनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली होती की त्या कानानं त्याला कायमचं ऐकू येईनासं झालं.

"कुणी पाहिलं?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हवतं. सगळी गेलती."

"मग आम्ही कसं मानायचं?"

"मी सांगायले म्हणून मानायचं."

"तू तर तक्ता फाडलास. दुसऱ्यानं केलेलं काम फाडणं हा नियमभंग आहे. तो झाकायला हे कशावरून नाही?" मग तो आमच्याकडे वळला. "मी मार खाल्लाय. हा कान बघा माझा. मारणारा मास्तर कसा दिसतो ते मला विचारा. दादा तसे दिसतात का?"

शेडमध्ये 'नाही, नाही' असा गलका झाला. मी तळहात वर करून शांत केला. हे सगळं मी अगदी नीट करत होते. आता दादा उठतील, एका वाक्यात हे संपेल, आणि मग कसं थक्क होईल सगळं, याची मी वाट बघत होते.

"दादा, तुम्हाला काही सांगायचंय?"

दादा उठले. त्यांनी नागमणीकडे बघितलं, मग खुर्च्यांकडे, मग आम्हा सगळ्यांकडे. दोनशे पोरं तोंड वर करून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी ओठ ओले केले.

"मी या सभेपेक्षा मोठा नाही," ते म्हणाले. "माझ्याबद्दल काय खरं मानायचं, ते सभेनं ठरवावं. सभा ठरवेल ते मला मान्य आहे."

आणि ते खाली बसले.

टाळ्या पडल्या. खाली बसलेल्या त्या बाईही वाजवत होत्या. मी दादांकडे बघत राहिले. ते सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होते. मला वाटलं, बोलता बोलता राहिलं असेल, पुन्हा उठतील. उठले नाहीत.

"मत घ्या," अजित म्हणाला. "नियम आहे. वाद मिटला नाही तर मत."

नियम होता खरा. खेळाच्या तासाला कबड्डी की लंगडी, सहल तुळजापूरला की गाणगापूरला, हे ठरवायला केलेला. एखादी गोष्ट घडली की नाही घडली, हे हात वर करून ठरवता येत नाही, एवढं दोनशेतल्या एकालाही सुचलं नाही. आम्हाला चार वर्षं शिकवलं होतं की, सभेच्या वर काही नाही. ते आम्ही चांगलंच शिकलो होतो.

मला मात्र सुचायला हवं होतं. मला ठाऊक होतं. पण नियमांच्या वहीत सहावा नियम होता, 'सभापतीनं कुणाची बाजू घ्यायची नाही. सभापतीला मत नसतं.' तो मीच सुचवला होता आणि त्यावर कौतुकही झालं होतं. त्या क्षणी तो मला फार सोयीचा वाटला. शिवाय दादांनी सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस. शिवाय जूनमध्ये दादा गेले तर वाफ्यातल्या छड्या उपटून परत खणात जातील. शिवाय वडिलांचं सारखं चालायचं, आपण नगरपालिकेचं मीठ खातो, कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. एकाच माणसाला गप्प बसायला एवढी कारणं मिळाली की तो गप्प बसतोच. नागमणी उभी होती आणि माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, अजून तक्त्याचा राग धरून आहे. मी मान खाली घातली.

"चिठ्ठी खरी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सहा हात. नागमणीची चुलत बहीण, पाचवीतली तीन पोरं, आठवीतली एक मुलगी, आणि हणमंतमामा. हणमंतमामांनी त्या खोलीतले कागदाचे तुकडे झाडले होते. त्यांनी हात वर केला तो शेवटपर्यंत खाली घेतला नाही.

"खोटी आहे असं वाटणाऱ्यांनी."

बाकी जवळजवळ सगळे. मोजायला वेळ लागला, पण मी मोजले. चुकायला नको म्हणून दोनदा मोजले.

"तटस्थ?"

एक हात वर झाला. दादांचा.

पाहुण्यांतले एक गृहस्थ शेजारच्याच्या कानाशी म्हणाले, "स्वतःच्या बाजूनंही मत दिलं नाही त्यांनी." हे मला स्पष्ट ऐकू आलं.

खोटी तक्रार करणाऱ्यानं सभेची माफी मागायची, असा नियम होता. मी नागमणीला तसं सांगितलं. माझा आवाज अगदी सरळ होता.

"हात वर केल्यानं झालेलं न झालेलं होतंय का?" ती म्हणाली. ओरडून नाही. तिला खरंच उत्तर हवं असावं. तिनं दप्तर उचललं, पोरांच्या मधून वाट काढत शेडबाहेर गेली आणि फाटकातून रस्त्याला लागली. कुणी तिला अडवलं नाही, कारण आमच्या शाळेत कुणाला जबरदस्तीनं बसवत नसत.

सभा संपल्यावर त्या करड्या केसांच्या बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मुलं मुख्याध्यापकांवर आरोप करतात, आणि ते जमिनीवर बसून ऐकून घेतात. मी राज्यभर फिरते, बेटा, असं कुठं बघितलं नाही. आणि तू किती निःपक्षपाती."

मान्यता मार्चमध्ये आली. गावात पेढे वाटले. सभेच्या दिवशी संध्याकाळी दादांनी मला एकटीला गाठलं होतं. "नागमणीशी मी बोलेन," एवढंच ते म्हणाले. मी "हो" म्हटलं. ते बोलले नाहीत, आणि बोललात का, असं मी कधी विचारलं नाही. आम्ही दोघंही एकमेकांशी फार अदबीनं वागायला लागलो.

त्या सभेनंतर नागमणी शाळेत आली नाही. तिसऱ्या शनिवारी सभेत कुणीतरी विषय काढला. आपली शाळा कुणालाही सोडत नाही, तेव्हा तिला समजावून परत आणावं, असा ठराव झाला. समजवायला कोण जाणार, तर सभापती. पुन्हा टाळ्या झाल्या. मी गेले.

त्यांच्या एका खोलीच्या दारातच ती बसली होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. तिची आई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मधून मधून खोकत होती. नागमणीच्या बोटांना आता सवय झाली होती. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू ठेवायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. तिनं मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"सभेनं पाठवलंय," मी म्हटलं. "सगळे म्हणतात परत ये. माफीबिफी कुणी मागायला लावणार नाही आता."

"आईला जमंना. हे कोण करंल?"

"ते बघू ना काहीतरी. शाळेतून मदत करतील. दहावी तरी कर, नागमणी."

ती वळत राहिली. मला तिथं राहवेना, आणि उठवेनाही. शेवटी जे तोंडाशी येऊन तीन आठवडे अडकलं होतं ते बाहेर पडलं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "दादांनी मला सभेच्या आधी सांगितलं होतं. मारलं म्हणून."

तिची बोटं थांबली नाहीत.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय?"

"तुला ठाव होतं ते. दादा त्या दिवशी सकाळी माझ्याकडं बी आलते. रडले. म्हणाले, मी सभेत कबूल करतो, उज्ज्वलाला बी सांगितलंय. मी चिठ्ठी मागं घेणार होते, उज्जू. व्हरांड्यात तू इचारायला आलीस तवा घेणारच होते. एवढा मोठा माणूस रडतंय म्हटल्यावर कसं तरीच वाटायलं. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे. त्यांना न्हाई जमलं तर उज्जू हाय की."

आत तिची आई खोकत होती.

"ते उठून सभेपेक्षा मोठा न्हाई म्हणाले, तवाच मला कळालं, हे न्हाई सांगत आता," नागमणी म्हणाली. "मग त्यांच्याकडं बघितलंच न्हाई मी. तुझ्याकडंच बघत उभी होते."

तिनं वळलेली विडी सुपाच्या कडेला ठेवली आणि पुढचं पान उचललं.

"जा तू. उजेड हाय तवर आवरायचंय मला."

मी उठले. पुढच्या शनिवारी सभेला अहवाल दिला की, नागमणी गड्डमला भेटून आले, आई आजारी असल्यामुळे, घरच्या परिस्थितीमुळे ती येऊ शकत नाही. दादा सातवीच्या पोरांत बसून ऐकत होते. सभेला कारण पटलं, आणि मी पुढची चिठ्ठी उघडली.